खालच्या दुकानाचा काउंटर

ब्रुकलिन, सोमवार, १० फेब्रुवारी १९५८

सायमावन्संना हिल्माचा नमस्कार.

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणाल तर लेम्पी. ती येणार हे मला दार उघडायच्या आधीच कळलं होतं, कारण लेम्पी जिना चढते तेव्हा बुटांच्या आधी तिचा दम वर पोचतो. तिच्यामागे दोन पायऱ्या सोडून तिचा नवरा ओन्नी, आपल्या सहकारी दुकानाचा चेअरमन, टोपी हातात घेऊन. तीस वर्षं झाली, दोन पायऱ्यांचं अंतर काही कमी झालेलं नाही. आणि सगळ्यांत शेवटी उर्हो, खाली दुकान सांभाळतो तो. त्याच्या हातात कॉफीचा पुडा. तो बिचारा रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाही, आणि न्यायचं काय तर आपल्याच दुकानातली कॉफी.

रविवारी दुपारी, न सांगता-सवरता तिघं! एकदम तीन माणसं आली म्हणजे मयत तरी असणार नाहीतर वर्गणी तरी. माझ्याकडे वेलचीचा गोड पाव पाऊणच उरलेला, कारण शनिवारी आमची लेक एली येऊन गेली पोरांना घेऊन. धाकट्याला दोन दात आलेत वन्सं, खालचे. परवा माझं बोट असं चावलं की मी ओरडले आणि तो हसला. अगदी तुमच्या भावावर गेलाय, दुसऱ्याला ओरडायला लावून स्वतः हसायचं.

तर तिघं बसली. पहिला कप ओतला. दातांत साखरेचा खडा धरून बशीतून भुरके मारत बसली. दुसरा कप ओतला तेव्हा ओन्नी म्हणाला, "हिल्मा, दुकान बंद करायचं म्हणतायत."

मी किटली खाली ठेवली.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला पाचव्या रस्त्यावर ते मोठं किराणा दुकान उघडलं ना, आपली तरणी मंडळी सगळी तिकडे पळतात. आपल्याकडे येतात ती म्हातारी, आणि म्हातारी खातात किती? तेवीस मार्चला सभासदांची सभा आहे. दुकान ठेवायचं की कुलूप लावायचं, हात वर करून ठरणार. वन्सं, हे कुलूप माझ्या पायाखाली लागणार आहे. मी दुसऱ्या मजल्यावर, दुकान तळमजल्यावर. चव्वेचाळीस वर्षं या शहरात काढली, ती त्या दुकानाच्या जिवावर. रोज उठून फिनिश बोलायला मला उर्होच आहे, आणि एली आठवड्यातून एकदाच येते. मग काय भिंतीशी बोलू?

आता माझ्याकडे का आली, तर मी सभेत उभं राहून बोलावं म्हणून. ओन्नी म्हणाला, "तू ऑस्करीची बायको. ज्या माणसानं हे दुकान उभं केलं त्याची. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या दुकानाची पायरी चढले नाही, एवढंच सांग. तरण्यांना लाज वाटू दे." लेम्पीनं जोडलं, "आणि ही चढणार तरी कशी? हिला इंग्रजीत साधं मीठ मागता येतं का?" सगळी हसली. मी पण हसले. हसता हसता हो म्हणून बसले.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहिताना चारदा उठले, खिडकीतून खाली बघितलं, दुकानाचा दिवा आहे ना. आहे.

ते मोठं दुकान म्हणे फार मोठं आहे हो. एली सांगते. दार आपलं आपण उघडतं. आत जाळीच्या गाड्या असतात, चाकांच्या, त्या ढकलत हिंडायचं. एका गाडीचं डावं चाक कुरकुरतं. बर्फाच्या पेट्यांजवळून गेलं की गुडघ्यांना गार झोत लागतो, पण चांगलं वाटतं. आणि पीचच्या डब्यांचा मनोरा रचलाय माणसाच्या उंचीचा. हे सगळं एलीच्या तोंडून ऐकलेलं हं.

सभेत काय बोलू ते सांगा. मी शाळेत गेले ती फिरत्या मास्तराच्या, वर्षातून सहा आठवडे. तुम्हाला लिहिता येतं.

तुमची हिल्मा


सुपीरियर, १९ फेब्रुवारी १९५८

हिल्मा,

पत्र मिळालं. ओन्नीनं योग्य माणूस निवडला. तो सहसा निवडत नाही.

सोबत कागद जोडला आहे. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, चष्मा विसरलीस तरी वाचता येईल. जास्तीचं काही बोलू नकोस. तू बोलायला लागलीस की दात आणि बोटं सुरू होतात. कागदावर चार वाक्यं आहेत. खाणीत संप झाला तेव्हा कंपनीच्या दुकानानं आपल्या लोकांना पीठ द्यायचं बंद केलं, इथून सुरुवात. ऑस्करीनं ब्रुकलिनला येऊन चाळीस घरं गोळा केली आणि पहिलं पोतं स्वतःच्या खांद्यावरून आणलं, हे दुसरं. मग तू. मग तुझी चाळीस वर्षं. मग खाली बस.

मी इथं आमच्या सहकारी दुकानात तीस वर्षं काउंटरच्या मागे उभी राहिले. बाई दारातून आत आली की तिच्या चालण्यावरून मला कळायचं, घरात कोण आजारी आहे. तुमच्या त्या मोठ्या दुकानात हे कुणाला कळतं? तिथं माणूस मेला तरी गाडी ढकलणारा त्याला वळसा घालून पुढं जाईल.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. बर्फ फार आहे.

एक विचारते. एलीला दोन लहान पोरं. ती दुकानात जाते ती धावत. गाडीचं डावं चाक कुरकुरतं की उजवं हे बघायला तिला वेळ कुठून मिळाला? आणि गार झोत कोणाच्या गुडघ्यांना लागला?

सायमा


ब्रुकलिन, रविवार, २ मार्च १९५८

वन्सं, माझ्या गुडघ्यांना.

घ्या, लिहिलं. दहा दिवस पत्र उशीखाली ठेवून झोपतेय. काल बर्फात घसरत पोस्टापर्यंत जाऊन परत आले, आत पत्रच घातलं नव्हतं, रिकामं पाकीट घेऊन गेले होते. अशी गत आहे.

रागवा, पण आधी ऐका. मी मुद्दाम गेले नाही. ऑक्टोबरात चांभाराकडून बूट घेऊन येत होते. पाऊस आला. त्या दुकानाच्या कडेला आडोशाला उभी राहिले तर दार उघडलं. मला वाटलं कुणी भल्या माणसानं आतून उघडलं, म्हणून मी वळून आभार मानले. तिथं कुणीच नव्हतं! दारालाच थँक्यू म्हटलं वन्सं. मला इतकं हसू आलं की त्या हसण्यातच आत गेले.

आणि आत गेल्यावर कळलं की इथं बोलावंच लागत नाही. पूर्वीची दुकानं कशी होती, आठवतं ना? लाकडी फळीपलीकडे उभा राहून तो विचारणार, काय पाहिजे, आणि आपण मुक्यासारखं बोट दाखवणार, आणि तो भलतंच काढणार. म्हणून तर मी आपल्या दुकानाबाहेर गेले नाही कधी. तुमच्या भावाला वाटायचं, बायको तत्त्वाची पक्की. बायकोला शब्द येत नव्हते, दुसरं काय. इथं सगळं मांडून ठेवलेलं. डब्यावर पीचचं चित्र, आत पीच. मी तो डबा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. चार वेळा. कुणी एक शब्द बोललं नाही. शेवटी पैसे घ्यायला बसलेली पोरगी काहीतरी म्हणाली, मी हसले, ती हसली. संपलं. एकाहत्तराव्या वर्षी मी ब्रुकलिनमध्ये पहिल्यांदा एकटीनं बाजार केला. घरी येऊन डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर कोट न काढता बसून राहिले, इतका आनंद झाला.

तेव्हापासून दर बुधवारी जाते. मोठा वळसा घालून, चर्चच्या मागून, कोणी बघू नये म्हणून. पिशवीवर त्या दुकानाचं नाव, म्हणून ती आतबाहेर उलटी करून आणते.

आता एक सांगते, ते कुणालाच सांगितलेलं नाही, एलीलाही नाही. तुमचा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी खाली गेले आणि उर्होला म्हटलं, छोटा पाव दे. दुसरं काही नाही, एवढंच. मागे सात-आठ बायकांची रांग होती. छोटा पाव म्हटल्याबरोबर अख्खी रांग गप्प झाली. लेम्पीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. उर्होनं खाली बघत पाव बांधला. सगळी मायेचीच माणसं, हे काय मला कळत नाही? पण मी त्या दिवशी काउंटरपासून दारापर्यंत चालले, तेवढं लांब मी आयुष्यात चालले नाही. त्यानंतर तीन वर्षं मी मोठाच पाव मागत राहिले, वन्सं. अर्धा खायचे, अर्धा कबुतरांना. आपल्या गल्लीतली कबुतरं बघा, उडता येत नाही त्यांना.

त्या मोठ्या दुकानात छोटा पाव फळीवर आपला पडलेला असतो. उचलायचा आणि चालू लागायचं.

म्हणजे तुम्ही लिहिता की तिथं माणूस मेला तरी कुणाला कळत नाही, ते खरं आहे. मला तेच आवडलं.

पण दुकान बंद होऊ नये हेही तितकंच खरं. दोन्ही खरं कसं असेल? मला समजत नाही. सभेत कसली उभी राहू? तुमचा कागद पाठ झालाय. चौथ्या वाक्याला, दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाही म्हणायला, जीभ अडते.

हिल्मा


सुपीरियर, ११ मार्च १९५८

हिल्मा,

पत्र दोनदा वाचलं.

त्या संपाच्या हिवाळ्यात माझ्या आईनं झाडाची साल दळून पिठात मिसळली. ऑस्करी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. परक्या मालकाच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं तो त्या टेबलावर म्हणाला. मी तिथं होते. तू नव्हतीस.

पीचच्या डब्यासाठी!

खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही. गप्प राहा असं सांगते. घसा बसला म्हण आणि घरी राहा. कागद ओन्नीकडे दे, तो वाचेल. तू जर तिथं उभी राहून हे सगळं ओकलीस, तर बंद करायला टपलेल्या लोकांना आयतं कोलीत मिळेल, आणि दुकान तुझ्या हातानं बंद होईल.

या पत्राला उत्तर नको.

सायमा


ब्रुकलिन, सोमवार, २४ मार्च १९५८

वन्सं,

उत्तर नको म्हणालात, पण हे उत्तर नाहीच, ही बातमी आहे. बातमी कळवायला हरकत नसावी.

मी घसा बसवून घेणार होते. अगदी गळ्याला लोकरीचा पट्टासुद्धा गुंडाळला होता. सकाळी लेम्पी न्यायला आली, पट्टा बघितला, म्हणाली, "अगं बाई! मध घाल दुधात आणि चल. तू नाही बोललीस तर संपलंच." दूध उकळून दिलं, समोर बसून पाजलं. माणूस इतकं जीव लावतं तेव्हा आजारी पडणंही धड जमत नाही.

हॉल भरला होता. मागच्या बाकांवर तरणी मंडळी, कोट न काढता, म्हणजे लवकर उठून जायला बरं. पुढं आम्ही. बंद करावं असं म्हणणारा एक सुटातला पोरगा उठला, चांगलं बोलला हो, मला तर पटलंच. जागा भाड्यानं देऊ म्हणाला. मग ओन्नीनं घंटी वाजवली. "आता ऑस्करीची हिल्मा बोलेल."

मी उठले. कागद हातात होता. संप झाला. पीठ झालं. चाळीस घरं, खांद्यावरचं पोतं, मी त्याची बायको, तेही झालं, मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग चौथं वाक्य. तुमचं अक्षर इतकं मोठं आहे वन्सं, ते कागदावरून माझ्याकडे बघतच होतं. मी म्हटलं, "मी दर बुधवारी मोठ्या दुकानात जाते."

लेम्पी म्हणाली, "खाली बस हिल्मा, ताप आलाय तुला."

मी म्हटलं, "ताप नाही. मला तिथं आवडतं. मला वस्तू हातात घेऊन बघायला आवडतात आणि परत ठेवायला आवडतात. इथं मला उर्होकडून प्रत्येक गोष्ट मागावी लागते, आणि मी काय मागते ते सगळी रांग ऐकते. तुम्ही माझी माणसं आहात म्हणूनच मला तुमच्यासमोर छोटा पाव मागवत नाही." तिथं माझा आवाज खरंच बसला, सकाळी नाटक केलं त्याचंच फळ. मग म्हटलं, "दुकान ठेवा. दुकान बंद झालं तर मी मरेन. पण तो काउंटर काढा. ऑस्करीनं पोतं आणलं, काउंटर नव्हता आणला. तो नंतर सुतारानं केला."

वन्सं, सगळी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी भर सभेत पेटीकोट सोडलाय. लेम्पी तर उठूनच उभी राहिली. "ऑस्करी काय म्हणाला असता? आम्ही बाकीच्यांनी कधी त्या दुकानाकडे नुसतं बघितलं तरी का?"

तेव्हा उर्हो उठला. तो सभेत कधी बोलत नाही, दाराशी उभा राहून हात चोळतो. म्हणाला, "लेम्पी, बस."

ती बसली! नवरा तीस वर्षांत जे करू शकला नाही ते.

उर्हो म्हणाला, "ऑक्टोबरपासून या गल्लीत माझ्याकडून एका घरानंही साबण नेलेला नाही. पीठ नेतात, कॉफी नेतात, सुका मासा नेतात. साबण नाही. आता तुम्ही सगळे स्वच्छ दिसता. दर शनिवारी सौनाच्या गरम खोलीत माझ्या शेजारी बसता, वाफेत मला वासही येतो, लव्हेंडरचा. तो मी ठेवत नाही." मग म्हणाला, "मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. हिल्माचंही माहीत आहे, तिची पिशवी उलटी असते. मी काही बोललो नाही. मला वाटलं, बोललो तर पिठालाही येणार नाहीत."

कुणी मान वर केली नाही. मग मागच्या बाकावरून एक तरणी पोर खुदकन हसली, आणि मग सगळा हॉल. लेम्पी सोडून. लेम्पीचे कान लाल झाले होते, आणि खरं सांगू, मी शेजारीच बसले होते, लव्हेंडरच होता.

हात वर करायची वेळ आली. बंद करा म्हणणारे एकतीस. चालू ठेवा म्हणणारे चौतीस, तेही अशा अटीवर की काउंटर काढायचा, सगळा माल फळ्यांवर उघडा मांडायचा, आणि जूनमधल्या शेकोट्यांच्या सणापर्यंत नवी गिऱ्हाइकं आली तर आली. नाही आली तर कुलूप, मग पुन्हा सभाही नाही. तीन महिने. वन्सं, तीन हातांवर तीन महिने मिळाले. मी रात्रभर ते चौतीस हात परत परत मोजतेय, एखादा खाली येईल अशी भीती वाटते.

तुमच्या भावाच्या तसबिरीखाली अजून उभं राहवत नाही मला. बाजूनं जाते.

हिल्मा


सुपीरियर, ३ एप्रिल १९५८

हिल्मा,

मी तुला लिहिलं होतं की इकडे सगळं व्यवस्थित आहे. ते खरं नव्हतं.

आमच्या दुकानातला काउंटर तीन वर्षांपूर्वीच काढला. इकडची मंडळी तुमच्यापेक्षा पुढं आहेत. गाड्याही आणल्या. दुकान जोरात चालतं. मला एक फुलांचा गुच्छ दिला आणि माझ्या नावानं तीन वेळा जयजयकार केला. काउंटर एका माणसानं होडीच्या शेडमध्ये नेला, त्यावर तो मासे साफ करतो. मी जाऊन बघून आले. माझ्या कोपरांनी त्यात दोन खळगे पडलेत, ते अजून आहेत.

त्यानंतर मी दुकानात गेले नाही. शेजारची बाई सामान आणून देते. तिला सांगते, पाय दुखतात. पाय दुखत नाहीत. आत गेले तर उभी कुठं राहू हे मला माहीत नाही.

तुला दुकानाच्या बाजूनं बोल म्हणून लिहिलं, तेव्हा मी काउंटरच्या बाजूनं लिहीत होते. त्या बाजूनं रांगेकडे बघताना मला कधी वाटलं नाही की कुणी माझ्यासमोर उगाच मोठा पाव मागत असेल. तीस वर्षांत किती जणींनी मागितला असेल, ते आता मोजत बसले आहे. एक पेकोनेन बाई होती. तिची मला फार शंका येते.

ऑस्करीच्या तसबिरीखालून जा. तो माझा भाऊ होता, मी सांगते. त्यालाही पीच आवडायचे. लहानपणी चोरून खाल्ले होते, मार मी खाल्ला.

काउंटर काढल्यावर उर्हो हातांचं काय करतो ते मला कळव. हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

सायमा


ब्रुकलिन, सोमवार, २१ एप्रिल १९५८

सायमावन्सं,

तुमचं पत्र वाचून मी रडले आणि मग पेकोनेन बाईवर हसले. ती जर अजून असेल तर तिच्याकडे जा आणि विचारूनच टाका. कॉफीला जा. जाताना छोटा पाव न्या.

आता उर्होच्या हातांचं. ईस्टरच्या आठवड्यात काउंटर निघाला. ओन्नीनं मापं घेतली, लेम्पीनं हुकूम सोडले, चौघांनी उचलला. खालची लादी काय पांढरीशुभ्र निघाली हो! बाकीची सगळी काळी आणि मधेच तो लांब पांढरा पट्टा. उर्हो तेव्हापासून त्या पट्ट्यावरच उभा. हात असे पुढं, हवेत टेकलेले. कुणी आत आलं की पट्ट्याच्या टोकापर्यंत चालत जायचा आणि तिथून परत. मी म्हटलं, "अरे बाबा, ओलांड!" तो म्हणाला, "हिल्मा, पलीकडे मी काय करणार? पलीकडे गिऱ्हाईक असतं."

आणि गिऱ्हाईक तरी कुठं होतं? आपलीच मंडळी, आपणच. लेम्पी दिवसातून तीनदा साबण घ्यायला. आता इतका साबण झालाय तिच्याकडे की नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल. मी जिन्यात बसून दाराकडे बघायची. उठायची, वर जायची, परत खाली. पंधरा दिवस असे गेले. नवं एक माणूस आत आलं नाही. ओन्नी भाड्यानं जागा मागणाऱ्यांची पत्रं खिशात घेऊन हिंडायला लागला होता, मी बघितलं त्या खिशाकडे.

परवा, शनिवारी, दोन बायका आल्या. आई आणि लेक. पुढच्या गल्लीत ती पोर्तोरिकोची नवी माणसं राहायला आलीत ना, त्यांच्यातल्या. मी त्यांना ओळखते हो! वर्षभर बघतेय. थंडीत पातळ कोट घालून काचेतून आत बघायच्या आणि निघून जायच्या. मी कधी विचारच केला नव्हता का ते. आत बोलायला कुणाकडे शब्द नव्हते, ना त्यांच्याकडे, ना उर्होकडे.

आई माझ्याच वयाची असेल, बारीक, सोन्याचा एक दात. सगळ्या फळ्या हळूहळू बघितल्या. आपला काळा पाव हातात घेऊन वास घेतला आणि असं तोंड केलं की मला हसू आलं, ती पण हसली. आणि मग तिला मागच्या भिंतीवर तो खारवलेला सुका मासा दिसला. वन्सं! छातीवर हात ठेवला आणि लेकीला हाक मारली, जसं स्टेशनवर कुणी घरचं माणूस दिसावं. पाच मासे खांद्यावर टाकले, लाकडाच्या फळ्या टाकाव्यात तसे. मग उर्होकडे बघून काहीतरी विचारलं. उर्हो पट्ट्यावर उभा. तिनं पुन्हा विचारलं. उर्होनं वाटाणे दाखवले. नाही. बटाटे. नाही. मग तिनं टोपलीतलं पिवळं केळं उचललं, ते धरलं साबणापाशी उभ्या लेम्पीच्या हिरव्या टोपीजवळ आणि टोपीवर टकटक केलं. लेम्पी ताठ! मी ओरडले, "हिरवं, उर्हो! कच्ची केळी हवीत तिला, हिरवी! माशाबरोबर उकडत असतील!" आता हे मला कसं कळलं देव जाणे.

आणि उर्हो ओलांडून आला. टोपलीपाशी गेला, तिच्या शेजारी उभा राहिला, हातांनी माप विचारायला लागला. एवढी? एवढी? किती? तिची बोटं, त्याची बोटं. पेन्सिल दिली तर लेकीनं कागदावर आणखी चार वस्तू काढल्या, त्यातलं एक भोपळ्याच्या भावासारखं दिसतं, उर्हो आता बाजारात ते चित्र घेऊन हिंडणार आहे. तर हातांचं असं झालं, वन्सं.

आई जाताना माझ्याशी किती तरी बोलली. मी पण बोलले. एलीच्या पोराचे दात सांगितले. तिनंही कुणाचे तरी सांगितले असावेत, कारण तोंडात बोट घालून दाखवलं.

दोन गिऱ्हाइकांनी दुकान वाचत नाही, ओन्नी हेच म्हणाला. मला माहीत आहे. पण लेकीनं जाताना दारात वळून सगळ्या गल्लीकडे हात केला आणि बोटं पसरली, म्हणजे आणखी बायकांना आणते असंच ना? की आम्ही पाच मासे नेले एवढंच? तेव्हापासून याच एका गोष्टीवर वर-खाली करतेय. तुम्हाला काय वाटतं?

तुमची हिल्मा

ता. क. उर्होनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आईसमोर धरलं. तिनं येत्या शनिवारवर, सव्वीस एप्रिलवर, बोट ठेवून दोनदा दाबलं, मग घड्याळाकडे बघून दहा बोटं उघडली: सकाळी दहाला परत येणार.